लांडग्याची बाजू मांडणारा फेलिक्स

डॉक्टरकी शिकलेला, दातांचा तज्ज्ञ झालेला, राजधानीच्या शहरात दवाखान्यात बसणारा मुलगा एक दिवस सगळं सोडून ससाणे सांभाळायला निघाला, तर आपण आईबाप म्हणून काय करू? नातेवाईक काय म्हणतील, घर कसं चालवेल, इथपासून आपल्या काळजीला सुरुवात होईल. स्पेनमधल्या एका मुलाने हे खरंच केलं. पुढे तोच मुलगा आपल्या देशातल्या लाखो मुलांचा शिक्षक झाला. ना त्याच्याकडे वर्ग होता, ना फळा. त्याच्याकडे होता हातावर बसलेला ससाणा आणि मागे मागे चालणारा लांडगा.

त्याचं नाव फेलिक्स रोद्रिगेझ दे ला फुएन्ते. नाव लांबलचक आहे खरं, पण स्पेनमध्ये लहान मुलंसुद्धा त्याला नुसतं फेलिक्स म्हणत. म्हणून मीही तसंच म्हणते.

फेलिक्सचा जन्म १४ मार्च १९२८चा. उत्तर स्पेनमधल्या बुर्गोस प्रांतात पोझा दे ला साल नावाचं एक गाव आहे. ‘साल’ म्हणजे मीठ. डोंगरउतारावरचं, जुन्या मिठागरांचं हे गाव. वडील सामुएल तिथे नोटरी होते, आई मार्सेला घर सांभाळायची. वडिलांना वाचनाचं, भाषेचं वेड. मुलाला फार लहान वयात शाळेत अडकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यातच १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, ते १९३९ पर्यंत चाललं. त्यामुळे साधारण दहा वर्षांचा होईपर्यंत फेलिक्स घरीच शिकला. बाकी सारा वेळ रानात.

मैत्रिणींनो, आपल्याकडे अडीच वर्षांच्या मुलाच्या पाठीवर दप्तर चढतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मुलांना शाळेत घालू नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण या मुलाचं अर्धं शिक्षण मेंढपाळांच्या मागे फिरण्यात, पक्ष्यांची घरटी शोधण्यात आणि तासन् तास आभाळाकडे बघण्यात झालं, हे खरं. अशाच एका भटकंतीत त्याने ससाण्याला उडतं बदक पकडताना पाहिलं. त्या दृश्याने त्याच्या मनात जे घर केलं, ते कायमचं. पुढे त्याला दूरच्या गावी वसतिगृहात ठेवलं, तेव्हा डोंगरात वाढलेल्या त्या मुलाला चार भिंतींत कोंडल्यासारखं व्हायचं.

वडिलांच्या सांगण्यावरून १९४६ साली त्याने वायादोलिद शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी नाव घातलं. तिथे त्याची गाठ होसे आंतोनिओ वाल्व्हेर्दे या निसर्गअभ्यासकाशी पडली. मोकळ्या रानात उभं राहून प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास कसा करायचा, हे फेलिक्स त्याच्याकडून शिकला. त्याच सुमारास त्याने मध्ययुगातले जुने स्पॅनिश ग्रंथ धुंडाळले. ससाणे शिकवून त्यांच्याकडून शिकार करण्याची विद्या तोवर स्पेनमध्ये जवळजवळ विसरली गेली होती. फेलिक्सने ती पुस्तकांतून उकलली आणि स्वतःच्या हातावर ससाणा बसवून पडताळून पाहिली. कातडी हातमोजा, पक्ष्याच्या डोळ्यांवरची टोपी, खाण्याच्या वेळा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे न संपणारा धीर. ससाण्याला मारून-मुटकून काही शिकवता येत नाही, तो सरळ उडून जातो. मला वाटतं, फेलिक्समधला शिक्षक इथेच घडला.

१९५७ साली माद्रिदमध्ये तो दंतवैद्य झाला आणि साधारण दोन वर्षं त्याने दवाखान्यात कामही केलं. १९६० साली वडील गेले. त्यानंतर मात्र त्याने दातांचं काम कायमचं सोडलं. वडील असेपर्यंत त्यांचा शब्द पाळला आणि मग मनाचं ऐकलं, असंच म्हणायचं.

सुरुवातीला मिळेल ते काम त्याने केलं. १९६१ साली आलेल्या ‘एल सिद’ या मोठ्या सिनेमासाठी ससाण्यांचा सल्लागार झाला. स्पेनच्या सरकारने सौदी अरेबियाच्या राजाला भेट दिलेले ससाणे त्यानेच तयार केले होते. १९६४ साली ससाण्यांच्या विद्येवर पुस्तक लिहिलं. पुढे विमानांच्या वाटेत येणारे पक्षी हुसकण्यासाठी माद्रिदजवळच्या तोर्रेहोनच्या विमानतळावर शिकवलेले ससाणे सोडण्याचा प्रयोग त्याने केला. त्या मोहिमेचं नाव होतं ‘बाहारी’. या ससाण्याचं ते जुनं स्पॅनिश नाव. वाचलं आणि मी चमकलेच! कारण आपणही त्याच पक्ष्याला ‘बहिरी ससाणा’ म्हणतो.

१९६४ सालीच स्पेनच्या सरकारी टीव्हीने त्याला एका मुलाखतीसाठी बोलावलं. विषय ससाण्यांचा, वेळ अगदी थोडी. फेलिक्स स्टुडिओत आला तो हातावर जिवंत ससाणा घेऊन. त्याचा आवाज भारदस्त, सांगणं गोष्टीसारखं. झालं! हा माणूस पुन्हा दाखवा म्हणून टीव्ही केंद्रावर पत्रांचा पाऊस पडला. मग मुलांच्या कार्यक्रमात ‘फेलिक्स, प्राण्यांचा मित्र’ अशा नावाने तो येऊ लागला आणि हळूहळू घराघरात पोहोचला.

हे सगळं का महत्त्वाचं, ते कळायला तेव्हाचा स्पेन डोळ्यांसमोर आणायला हवा. त्या वेळी तिथे जनरल फ्रँकोची हुकूमशाही होती. लांडगा, कोल्हा, रानमांजर, गरुड, घुबड हे सारे उपद्रवी ठरवलेले. त्यांना मारून संपवण्यासाठी १९५३ साली सरकारनेच मंडळं नेमली होती. मेलेला प्राणी दाखवायचा आणि बक्षीस घ्यायचं. लांडगा मारणारा तर तो गावोगाव, दारोदार दाखवत फिरायचा आणि लोक त्याला पैसे, अंडी, धान्य द्यायचे. बरोबर धावणारी पोरं काय शिकत असतील? लांडगा म्हणजे गोष्टीत आजीला खाणारा दुष्ट. तो मेला की सण करायचा, एवढंच.

लोक वाईट होते म्हणून हे होत नव्हतं, हेही समजून घेऊ या. ज्याच्या पंधरा मेंढ्यांतल्या चार लांडग्याने नेल्या, त्याच्या घरी चूल कशी पेटणार? आपल्याकडे सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या माळरानांवर आजही लांडगे आहेत आणि मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर बायकांना हा प्रश्न मी समजावून सांगायची गरज नाही. फेलिक्सलाही तो माहीत होता, त्याचं बालपणच मेंढपाळांमध्ये गेलेलं. पण भीतीपोटी आपण ज्याला ओळखतही नाही त्याला नुसतंच मारत सुटतो, हे त्याला सहन होत नव्हतं.

साठच्या दशकाच्या मध्यात एका गावात लोक लांडग्याची दोन पिल्लं बडवून मारणार होते. फेलिक्सने त्यांची समजूत घातली, पैसे मोजले आणि पिल्लं विकत घेतली. एकीचं नाव सिबिला, दुसऱ्याचं रेमो. ती वाढवली फेलिक्सने आणि त्याची जीवनसाथी मार्सेल पार्मेन्तिए हिने. त्यांचं लग्न १९६६चं, पुढे त्यांना तीन मुली झाल्या. फेलिक्सचं नाव जगभर झालं, पण घरात लांडग्याची पिल्लं वाढवायची म्हणजे काय, हे आपल्यासारख्या बायकांनाच कळेल. दूध पाजणं, घाण काढणं, रात्री उठणं, जे दात येतील त्यांना काहीतरी चावायला देणं! मार्सेलच्या वाट्याला आलेलं हे काम टीव्हीवर फारसं दिसलं नाही. म्हणून इथे तिचं नाव आवर्जून लिहिते.

जंगली प्राणी माणसाशी इतका जवळ येतो, त्याचं शास्त्रीय कारण आहे. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत जो सांभाळतो, त्याचीच छाप पिल्लाच्या मनावर बसते. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने हंसाच्या जातीच्या पिल्लांवर हेच दाखवून दिलं होतं. १९७३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. लांडग्याच्या पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. त्या वेळी समोर फेलिक्स असेल, तर पुढे तोच त्याच्या कळपाचा म्होरक्या. पेलेग्रिना गावाजवळ, दुल्से नदीच्या दरीत फेलिक्सने असा कळपच वाढवला. मोठे झालेले लांडगे त्याच्या अंगावर झेप घ्यायचे, तोंड चाटायचे. हे दृश्य टीव्हीवर बघणाऱ्या मुलाच्या मनातला गोष्टीतला लांडगा तिथेच ढासळायचा.

त्याची सगळ्यांत गाजलेली मालिका म्हणजे ‘एल ओम्ब्रे इ ला तिएर्रा’. अर्थ असा, माणूस आणि पृथ्वी. ती १९७४ साली सुरू झाली आणि तिचे सव्वाशेच्या आसपास भाग झाले. आधीचे भाग दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलातले. त्यात फेलिक्स दलदलीत उतरून अजस्र अ‍ॅनाकोंडा हातांनी धरताना दिसतो. नंतरचे भाग मात्र त्याने आपल्याच देशातल्या प्राण्यांवर केले. स्पेनमधल्या मुलाला आफ्रिकेतला सिंह ठाऊक, पण गावामागच्या डोंगरातलं गिधाड ठाऊक नाही, ही उणीव त्याने भरून काढली. ही मालिका स्पॅनिश बोलणाऱ्या लॅटिन अमेरिकेतल्या देशांतही पोहोचली. म्हणजे समुद्रापलीकडची मुलंही आपल्याच भाषेत हे सारं ऐकत होती.

या मालिकेचे भाग आज इंटरनेटवर बघायला मिळतात. आमच्या गल्लीतल्या मुलांना गोळा करून मी दोन-तीन भाग दाखवले. स्पॅनिशचं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. पण पांढरं गिधाड चोचीत दगड धरून शहामृगाच्या टणक अंड्यावर पुन्हा पुन्हा आपटतं आणि शेवटी अंडं फुटतं, तेव्हा सगळ्या पोरांनी एकदम टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे हे पांढरं गिधाड आपल्या महाराष्ट्रातही आहे. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकतात, तिथे ते कधीकधी दिसतं.

टीव्हीवर दाखवून फेलिक्स थांबला नाही. १९६८ साली ‘आदेना’ ही निसर्गरक्षणाची संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेत त्याचा मोठा हात होता. संस्थेने मुलांसाठी मंडळ काढलं, त्यातल्या मुलांना म्हणायचे ‘लिन्सेस’. लिन्स म्हणजे स्पेनमधली टोकदार कानांची, गालमिशांची रानमांजर, इंग्रजीत लिंक्स. मुलांची शिबिरं डोंगरात भरायची. तंबूत राहायचं, पहाटे उठायचं, गिधाडांची घरटी दुर्बिणीतून बघायची, पाऊलखुणा ओळखायच्या. १९७५ साली सेगोव्हिया प्रांतातल्या मोंतेहो गावाजवळ, रिआझा नदीच्या कड्यांवर खास शिकारी पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्रही झालं. लोकांनी ज्या गिधाडांना विष घातलं असतं, त्यांच्यासाठी जागा राखली गेली!

शिवाय १९७३ पासून रेडिओवर दर आठवड्याला त्याचा कार्यक्रम असे. ‘फाउना’ नावाचा प्राण्यांचा ज्ञानकोश त्याच्या देखरेखीखाली निघाला, तो आठवड्याला एक असा सुट्या भागांत मिळायचा. साधी कुटुंबंही थोडे थोडे पैसे देऊन तो जमवायची आणि खंड बांधून घ्यायची. पुष्कळ स्पॅनिश घरांतलं ते पहिलं मोठं पुस्तक असेल, असं मला वाटतं.

याचा परिणाम झाला का? झाला. १९६६ साली शिकारी पक्ष्यांना संरक्षण देणारा सरकारी आदेश निघाला. १९७०च्या शिकार कायद्याने लांडगा दिसेल तिथे मारायचा उपद्रवी राहिला नाही. शिकारीला मोसम आणि परवान्याचं बंधन आलं. हे एकट्या फेलिक्सचं श्रेय नाही, अनेक शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते झटत होते. पण लांडग्याची बाजू घराघरात नेऊन मांडणारा वकील मात्र तोच.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. फेलिक्सच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. पडद्यावर जंगली वाटणारे कितीतरी प्राणी खरं तर माणसाने वाढवलेले होते. शिकारीचे प्रसंग आधी बेत करून घडवलेले होते, आणि त्यात काही जनावरांचा जीवही गेला. माणसाची छाप बसलेला लांडगा पुन्हा खऱ्या रानात एकटा जगू शकत नाही, हेही खरं. त्या काळी दुसऱ्या मार्गाने असं चित्रण होणं कठीण होतं, असं त्याची बाजू घेणारे म्हणतात. मला दोन्ही पटतं. फेलिक्सला देव करायची गरज नाही. त्याने कोवळ्या मनांतली भीती काढली हे मोठं काम, आणि त्याची किंमत मुक्या जनावरांनीही मोजली हे विसरायचं नाही.

१४ मार्च १९८० रोजी, म्हणजे त्याच्या बावन्नाव्या वाढदिवशी, फेलिक्स अलास्कात होता. बर्फावरून कुत्र्यांच्या गाड्यांची लांब पल्ल्याची शर्यत तिथे भरते, तिचं चित्रीकरण चाललं होतं. शाक्तूलिक गावाजवळ त्याचं लहान विमान कोसळलं. फेलिक्स, त्याचे दोन सहकारी आणि वैमानिक असे चौघेही गेले. स्पेनमध्ये घरातलंच माणूस गेल्यासारखी मुलं रडली. एन्रिके आणि आना या जोडीने त्याच्यावर मुलांसाठी ‘आमिगो फेलिक्स’ म्हणजे मित्र फेलिक्स हे गाणं गायलं, ते अजूनही लोकांच्या ओठी आहे. स्पेनमध्ये कितीतरी शाळांना त्याचं नाव आहे. मार्सेलच्या पदरी मात्र तीन लहान मुली होत्या.

लांडग्याचा वाद संपलेला नाही. २०२१ साली सगळ्या स्पेनमध्ये लांडग्याच्या शिकारीला बंदी आली आणि २०२५ साली कायदा बदलून दुएरो नदीच्या उत्तरेकडे ते संरक्षण काढून घेतलं. मेंढपाळ आणि निसर्गप्रेमी यांची ओढाताण चालूच आहे. पण ज्या लिन्सचं नाव मुलांच्या मंडळाला दिलं होतं, तिची गोष्ट आशा वाढवणारी आहे. २००१ साली रानात तिचे पिल्लं देण्याच्या वयाचे जेमतेम ६२ प्राणी उरले होते, २०२२ साली ते ६४८ झाले. यामागे शास्त्रज्ञांची, वनखात्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. पण रस्त्यावर लिन्स दिसली तर गाडी हळू करणारा, तिच्यासाठी खर्च होणाऱ्या पैशाबद्दल कुरकुर न करणारा माणूस आधी तयार व्हावा लागतो. तो बालपणी तयार होतो.

आपण यातून काय घ्यायचं? जंगली प्राणी घरात आणणं मुळीच घ्यायचं नाही. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पोपट पिंजऱ्यात ठेवणं, साप पकडून खेळवणं, घरट्यातली पिल्लं उचलून आणणं हा गुन्हा आहे, आणि त्या जिवांवर अन्यायही. त्यासाठी दुसरी वाट आहे आणि ती अंगणातून जाते. पहिल्या पावसात गोगलगाय निघते, तिला हात न लावता पाच मिनिटं बघायला मुलांना बसवा. कढीपत्त्याच्या झाडावर फुलपाखराची हिरवी अळी दिसली तर फांदी तोडून टाकू नका, तिचा कोष कसा होतो ते रोज दाखवा. गाय-शेळी असेल तर तिच्या पाठीवरून हात फिरवू द्या. पाल दिसली तर झाडू उचलण्याआधी ती डास कशी टिपते ते बघा. साप निघाला तर दगड उचलायचा नाही, लांब उभं राहून जाणकाराला बोलवायचं, हे मुलांदेखत करून दाखवा.

आणि हो, नावं सांगा. भारद्वाज, खंड्या, कोतवाल, साळुंकी, टिटवी. ही नावं आपल्या आज्यांना पाठ होती. फेलिक्सने मुलांना त्यांच्याच भाषेत त्यांचंच रान दाखवलं, म्हणून ते त्यांना आपलं वाटलं. आपल्या मुलांना ही नावं पुस्तकातून कळतीलही, पण पक्षी समोर असताना आईच्या तोंडून कळली तर ती विसरणार नाहीत. यंदाच्या सुट्टीत रोज एक नाव, एवढं तर आपल्याला सहज जमेल.